उलवे गांवचा व्यायाम

पनवेल तालुक्यांतील उलवे हें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानांवर अलीकडेच पडूं लागलें असेल. तेथील डोंगर कापून, नदीचा प्रवाह वळवून आणि सभोंवतींच्या खाजणांत भराव घालून विमानतळ उभारण्यांत आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें, आणि तेव्हांपासून उलवे म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें उंच इमारती, आगगाडीचीं नवीं स्थानकें आणि समुद्रावरील लांबच लांब पूल एवढेंच येतें. आम्हांस मात्र या गांवाविषयीं जें लिहावयाचें आहे तें विमानांसंबंधीं नाहीं. तेथें सकाळच्या प्रहरीं रुंद रस्त्यांच्या कडेनें झपझप चालणाऱ्या माणसांची रांग लागलेली असते. बागांतून हातपाय हालविण्याचीं लोखंडी यंत्रें मांडलेलीं असतात. रक्तांतील साखर व रक्ताचा दाब तपासण्याचीं शिबिरें भरतात, आहारावर व्याख्यानें होतात. ज्या गांवांत पन्नास वर्षांपूर्वीं कांहीं काम नसतांना भराभर चालत सुटलेला मनुष्य वेड्यांत निघाला असता, त्याच गांवांत नुसतें चालणें हा एक कार्यक्रम कसा होऊन बसला, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि तो आम्हांस वैद्यकाच्या प्रश्नापेक्षां कमी महत्त्वाचा वाटत नाहीं.

उलवे आणि त्याच्या आसपासचीं तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली, कोपर, चिंचपाडा, कोल्ही, ओवळें हीं सारीं खाडीकांठचीं गांवें. वस्ती मुख्यतः आगरी व कोळी लोकांची. आगरी हें नांवच मिठाच्या आगरावरून पडलें अशी सर्वसाधारण समजूत आहे. पावसाळ्यांत भातशेती, दिवाळीच्या सुमारास कापणी व झोडणी, आणि थंडी पडूं लागली कीं मिठागरावर, तें थेट पुढच्या पावसापर्यंत, असा येथील वर्षाचा क्रम होता. मीठ पिकविणें म्हणजे काय, हें ज्यांनीं मीठ फक्त बरणींत पाहिलें आहे त्यांस सांगितलें पाहिजे. भरतीचें पाणी आंत घ्यावयाचें, एका उथळ वाफ्यांतून दुसऱ्या वाफ्यांत फिरवून तें उन्हानें आटवावयाचें, तत्पूर्वीं वाफ्याची जमीन पायांनीं तुडवून तुडवून घट्ट करावयाची, खडा धरला कीं तो ओढून त्याचे ढीग घालावयाचे, आणि मग भरलेल्या पाट्या डोक्यावरून वाहून न्यावयाच्या. हें सर्व चैत्र-वैशाखाच्या उन्हांत, पांढऱ्या मिठावरून डोळ्यांत शिरणारी तिरीप सोसून. बाया आणि पुरुष दोघेंहि या कामाला असत.

शेतीहि साधी नव्हती. खाडीचें खारें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून मातीचे लांब बांध घातलेले असत. उधाणाच्या भरतीनें बांध फुटून खांड पडली म्हणजे पाण्याचा पुढचा फेरा येण्यापूर्वीं ती बुजविणें भाग असे, कारण एकदां खारें पाणी शिरलें कीं जमीन दोन-तीन वर्षें हातची गेली. अशा वेळीं हांक पडली कीं ज्याच्या त्याच्या घरचा मनुष्य फावडें-टोपली घेऊन बांधावर हजर. न येणाराचें शेतहि त्याच बांधाच्या आड असल्यामुळें कोणास वेगळें बोलवावें लागत नसे. हल्लीं ज्यास सामुदायिक कार्यक्रम म्हणतात त्याचीं सारीं लक्षणें या कामांत होतीं. फक्त त्याला कोणी तें नांव दिलें नव्हतें, आणि त्याचा उद्देश शरीर सुधारणें हा मुळींच नव्हता.

खाणेंहि या श्रमाला साजेसें. उखळांत कांडलेल्या जाड्या तांदळाचा भात, तांदळाची भाकरी, खाडींतले निवटे, चिंबोऱ्या, कोळंबी. पावसाळ्याच्या बेगमीस सुकट व बोंबील. थंडींत वालाच्या शेंगा. भात पुष्कळ, मीठ पुष्कळ, तेल बेताचें, साखर क्वचित्. दिवसभर घाम गाळणाराला भात आणि मीठ दोन्ही लागत, आणि दोन्ही अंगीं जिरत.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीं तर आम्ही जुन्या काळाचीं पोवाड्यांतलीं वर्णनें करीत आहों असा कोणाचा ग्रह व्हावयाचा. त्या काळीं हे लोक निरोगी होते असें आमचें म्हणणें नाहीं. १९५१ च्या सुमारास सबंध हिंदुस्थानांत जन्मणाऱ्या मुलाच्या आयुष्याची सरासरी अपेक्षा बत्तीस वर्षांच्या आसपास होती; हिवताप, अतिसार, बाळंतपण आणि सावकार यांनीं खाडीकांठास वेगळी सवलत दिली नव्हती. याच जिल्ह्यांत, अलिबाग तालुक्यांतील चरी येथें, नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा संप केला. भातावर जगणाऱ्या माणसानें वर्षामागून वर्ष भाताचें शेत ओसाड ठेवावें, यावरून त्या शेतांतून त्याच्या पदरांत किती थोडें पडत होतें याची कल्पना येईल. मिठाच्या पाट्या कोणी हौसेनें वाहत नव्हतें. तेव्हां तें काम गेलें याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. कारण आहे तें दुसऱ्याच गोष्टीचें, आणि तिकडे येण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील व्यायामाच्या चळवळीकडे थोडें पाहावें लागेल.

ही चळवळ लहान नव्हती. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें. पनवेलहून बोरघाट चढून गेलें कीं लागणाऱ्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम काढून आसनांची शास्त्रीय उपकरणांनीं परीक्षा आरंभिली. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. व्यायाम या एका विषयावर एवढा विस्तार दुसऱ्या एखाद्या देशी भाषेंत झाला असेल तर तो आमच्या पाहण्यांत नाहीं. पण या सर्वांत आम्हांस अधिक विचार करण्यासारखें वाटतें तें औंधचें उदाहरण. श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि हे तरुणपणीं सँडोच्या पद्धतीचे भक्त होते. सुमारें दहा वर्षें त्यांनीं त्या विलायती साधनांनीं व्यायाम केला. पुढें मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि मग कधीं वळून पाहिलें नाहीं. १९०९ सालीं गादीवर आल्यावर त्यांनीं संस्थानच्या शाळांतून मुलामुलींस नमस्कार लावून दिले. १९२८ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक निघालें. १९३८ सालीं तेंच लंडनमध्यें नव्या रूपानें छापलें गेलें आणि तिकडच्या गृहिणीहि नमस्कार घालूं लागल्या.

औंधास हें कां साधलें? आमच्या मतें त्याचीं कारणें धर्मांत शोधण्याची गरज नाहीं. नमस्काराला पैसा लागत नाहीं, उपकरण लागत नाहीं. माणूस जेवढा लांब आणि रुंद तेवढी जागा पुरते. शिवाय जो राजा तें सांगत होता तो स्वतः वार्धक्यापर्यंत रोज घालीत होता, त्याची राणी घालीत होती, मुलें घालीत होतीं. लोकांस उपदेश करणाराची दिनचर्या लोकांस ठाऊक असणें ही आरोग्यप्रचारांतील फार मोठी शक्ति आहे. २१ जूनला छायाचित्रापुरतें आसन मांडून नंतर वर्षभर तें न उलगडणाऱ्या पुढाऱ्यांच्या ती लक्षांत आलेली दिसत नाहीं.

परंतु या थोर चळवळीचा रोख कोणाकडे होता? विद्यार्थी, शिक्षक, कारकून, वकील, म्हणजे बसून काम करणारा मनुष्य. त्याची छाती अरुंद, पाठ वांकलेली, म्हणून त्यानें जोर काढावे, बैठका माराव्या, नमस्कार घालावे. उद्देशहि बल, शील आणि देशकार्य हे. मधुमेह व हृद्रोग टाळण्यासाठीं गांवच्या गांव हालतें ठेवावें ही कल्पना त्या वेळीं कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. ते रोग गादीवर बसणाऱ्या सुखवस्तूंचे समजले जात. मिठागरावरच्या मनुष्यास या चळवळीनें हांक मारली नाहीं, आणि तेंहि बरोबरच होतें. शंभर पाट्या वाहून आलेल्या बाईस बारा नमस्कार घाल म्हणणें ही थट्टा झाली असती. परिणाम मात्र असा झाला कीं ज्या वर्गाला श्रमाची उणीव होती त्याच्याजवळ शंभर वर्षांत व्यायामाची एक परंपरा, एक भाषा आणि ग्रंथांचें एक कपाट तयार झालें, आणि ज्याच्याजवळ श्रम होता त्याच्याजवळ श्रम गेल्यावर उरेल असें कांहींच सांठलें नाहीं.

आहाराच्या बाबतींतहि तेंच. कुन्नूर येथें मॅक्कॅरिसननें उंदरांस निरनिराळ्या प्रांतांचे आहार चारून पाहिले आणि गव्हाची पोळी, दूध, डाळ व भाज्या खाणारे उंदीर उत्तम, तर गिरणींत सडलेल्या तांदळावरचे उंदीर निकृष्ट असा निकाल दिला. त्याच प्रयोगशाळेंतून एक्रॉइडनें १९३७ सालीं हिंदी खाद्यपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. उलव्यास हातसडीचा तांदूळ चळवळ म्हणून कोणी खात नव्हतें. घरची बाई पहांटे उठून कांडी, म्हणून खात. गिरणी आली तेव्हां त्या बाईच्या खांद्यांस विसांवा मिळाला. तिला दोष देण्याचें धारिष्ट ज्यानें कधीं मुसळ उचललें आहे त्यालाच असावें.

अंगमेहनतीचें काम हेंच औषध असतें याचा शास्त्रीय पुरावा पुढें आला तो १९५३ सालीं, आणि तो आला लंडनच्या बसगाड्यांतून. मॉरिस नांवाच्या डॉक्टरानें दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघांचें वेतन, वस्ती, पोशाख जवळजवळ सारखे. फरक इतकाच कीं चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. हृदयविकाराचे झटके वाहकांत कमी आढळले आणि आले तर कमी प्राणघातक ठरले. म्हणजे माणूस कसरत करतो कीं नाहीं एवढेंच पाहून चालत नाहीं. त्याचा धंदा त्याला काय करावयास लावतो तें पाहावें लागतें. हा शोध छापून निघाल्यावर बारा वर्षांनीं, १९६५ सालीं, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं मुंबईच्या पलीकडच्या तीरावर नवें शहर वसविण्याची कल्पना 'मार्ग' या नियतकालिकांतून मांडली. १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या बाजूच्या पंचाण्णव गांवांच्या जमिनी त्या शहरासाठीं नेमल्या गेल्या. उलवे त्यांतलेंच एक.

पुढील हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. जमिनीच्या भावावरून असंतोष वाढत गेला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं आंदोलन उभें राहिलें, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई-दास्तान फाट्याच्या बाजूस झालेल्या गोळीबारांत पांच शेतकरी मृत्यु पावले. त्या रक्ताच्या किंमतीवर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तिच्यामुळें कित्येक घरांत पहिल्यानेंच पैसा आला, मुलें शिकलीं, पक्कीं घरें झालीं. हें सर्व न्याय्यच होतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं या पन्नास वर्षांच्या वाटाघाटींत जमिनीचा हिशेब झाला, घराचा झाला, झाडांचा झाला, नोकऱ्यांचा झाला. त्या जमिनीवर रोज जी हालचाल होत असे तिचा हिशेब कोणीहि मांडला नाहीं. ना देणारानें, ना मागणारानें. शेत गेल्याबरोबर भाताबरोबर भात लावणेंहि गेलें. भात मात्र दुकानांतून येत राहिला, आणि अधिक पांढरा येत राहिला.

याचा परिणाम या मातींतल्या माणसांवर इतर देशांपेक्षां अधिक कडक कां होतो, याचें उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनांत मिळतें. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनीं १९९३ पासून गरोदर स्त्रियांची व त्यांच्या मुलांची पाहणी केली. तेथील मुलें जन्मतः सरासरी २.७ किलोग्रॅम भरलीं. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं मुलें ३.५ किलोग्रॅम. पण वजनांत एवढी तूट असूनहि त्या किरकोळ बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानानें कमी झालेली नव्हती. तूट होती ती स्नायूंची. २००४ सालीं याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनीं आपलें दोघांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के. पोटभर न खाणाऱ्या आणि अंग मोडून काम करणाऱ्या आयांचीं मुलें एकदम सुबत्तेंत आलीं म्हणजे धोका कोठें असतो, हें त्यावरून कळतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनें मधुमेह्यांची संख्या दहा कोटींवर गेल्याचें दाखविलें.

अशा प्रसंगीं शिबिरें व व्याख्यानें यांचा उपयोग नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. चेन्नईस मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवर केलेल्या प्रयोगांत, आहार व चालणें यांविषयीं नियमित सल्ला मिळालेल्यांत रोगाचें प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनीं कमी झालेलें आढळलें. हा निष्कर्ष २००६ सालचा आहे. सल्ला गुणकारी असतो, पण तो नियमित मिळाला तर. एका रविवारीं मांडव घालून बोटांतलें रक्त काढलें, कागद हातीं दिला, मीठ पांच ग्रॅमांहून कमी खा म्हणून सांगितलें आणि मांडव सोडला, याला नियमित सल्ला म्हणतां येत नाहीं. ज्याच्या आजानें जन्मभर मीठ पिकविलें त्याला पांच ग्रॅम म्हणजे किती हें ताटांत दाखवावें लागतें. सुकट किती वेळ भिजवून धुवावी, भाकरीला नाचणी किती मिसळावी, हें त्याच्या घरांतल्या बाईशीं तिच्या चुलीपाशीं बसून बोलावें लागतें.

असें बसून बोलणें जगांत एके ठिकाणीं फार नेटानें झालें, आणि योगायोगाची गोष्ट ही कीं तेथील लोकहि लांकूडतोडे व लहान दुभतीं जनावरें पाळणारे शेतकरीच होते. फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया प्रांतांत भर तारुण्यांतले पुरुष हृदयविकारानें पटापट मरत. १९७१ सालीं त्या प्रांताच्या प्रतिनिधींनीं स्वतः सरकारकडे अर्ज करून मदत मागितली. वरून कोणी येऊन त्यांस उपदेश केला नाहीं. १९७२ सालीं पेक्का पुस्का या तरुण डॉक्टराच्या हाताखालीं काम सुरू झालें. मार्था या नांवाची तेथील गृहिणींची जुनी संघटना होती. तिनें गांवोगांव बायकांस जमवून लोण्याऐवजीं वनस्पतीचें तेल व भाज्या घालून त्याच जुन्या पाककृति नव्यानें करून दाखविल्या. पण लोणी खाऊं नका म्हटल्यावर लोण्यावर पोट भरणाऱ्या शेतकऱ्यानें काय करावें? हा प्रश्न चालकांनीं टाळला नाहीं. थंड हवेंत येणाऱ्या बोरांसारख्या आंबटगोड फळांची लागवड व विक्री यांस त्यांनीं पुढें चालना दिली, म्हणजे लोकांच्या ताटांत फळ आलें आणि शेतकऱ्याच्या हातीं पीक राहिलें. पांच वर्षांसाठीं काढलेलें काम पंचवीस वर्षें चाललें, आणि कर्त्या वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यु कालांतरानें ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. आमच्या दृष्टीनें या हकीकतींतला महत्त्वाचा भाग तीं फळें होत. शेतकऱ्याचें पीक हा आरोग्याचा विषय आहे हें तेथें ओळखलें गेलें.

उलव्यास काय आहे? अगदींच कांहीं नाहीं असें नव्हे. हुतुतू, ज्यास आतां सर्वत्र कबड्डी म्हणतात, हा या खाडीपट्ट्याचा जीव कीं प्राण. अमरावतीच्या मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं तो परदेशीयांस दाखविला. इकडे मात्र त्याला कोणा मंडळाच्या उत्तेजनाची वाट पाहावी लागली नव्हती. तथापि मैदानांत उतरतो तो विशीचा मुलगा. ज्याला धोका आहे तो त्याचा चाळिशींतला बाप आणि आई हीं कडेला उभीं राहून पाहतात. बायकांचे बचत गट आहेत. कारेलियाच्या मार्थांनीं जें केलें तें करावयास लागणारी ओळख, जमण्याची संवय आणि एकमेकींवरचा विश्वास त्यांच्याजवळ तयार आहे. आणि पनवेलास खार जमिनींचें संशोधन केंद्र आहे. या खाऱ्या मातींत तग धरतील असे भाताचे वाण तेथें निघाले व 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' अशीं त्यांस नांवें पडलीं. ज्या गांवाच्या नांवानें बी, त्या तालुक्यांत तें पेरावयास किती खाजण शिल्लक आहे, हें भरावाच्या गाड्या मोजून कोणीहि सांगूं शकेल.

आम्ही तेथें गेलों त्या दिवशीं ओहोटी होती. रस्त्याच्या कडेनें मनगटावरच्या घड्याळांत पावलें मोजीत एक गृहस्थ जोरानें चालले होते. खालच्या चिखलांतून गुडघ्यापर्यंत माखलेली एक म्हातारी टोपली कमरेवर घेऊन वर आली आणि त्यांना वाट देण्यासाठीं क्षणभर थांबली. टोपलींत चिंबोऱ्या होत्या. गृहस्थांनीं भाव विचारला, म्हातारीनें सांगितला; त्यांना तो जास्त वाटला आणि ते पुढें चालूं लागले.